शापोऱ्यापलीकडे

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना. त्या अर्पणपत्रिकेपायी मी कॉलेजात असल्यापासून जॉन ब्राउनच्या नादी लागलो. ऑक्टोबर १८५९ मध्ये वीसएक माणसं घेऊन हा म्हातारा हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर चालून गेला, डिसेंबरात फासावर चढला आणि दीड वर्षाच्या आत अमेरिकेत यादवी पेटली. हरमलला निघालो तेव्हा एक मित्र सहज म्हणाला, “गोव्यातही माणसांचा बाजार भरायचा. तिथला ब्राउन शोधून आण.” झालं!

हरमलची कीर्ती तुम्ही ऐकलेलीच असणार. गोड्या पाण्याचं तळं पाहिलं, छान आहे. खोली मात्र प्लायवूडची, भाडं राजवाड्याचं आणि शेजारी पहाटे दोनपर्यंत ढोल. झोप येईना, म्हणून नकाशा उघडून बसलो.

डच प्रवासी लिन्शोटेन १५८३ ते १५८८ गोव्यात होता. त्याने लिहून ठेवलंय, जुन्या गोव्याच्या रुआ दिरैतावर सकाळी सात ते नऊ लिलाव चाले; अरबी घोडे आणि माणसं एकाच बोलीवर विकली जात. पुढे मोझांबिकहून आणलेल्यांची भर पडत गेली. यातले कित्येक संधी मिळताच शेजारच्या मुलखांत पळत. उत्तरेकडे पोर्तुगिजांची हद्द बार्देशात, शापोरा नदीवर संपायची. पलीकडे पेडणे, म्हणजे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल. १७८८ साली पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं आणि हद्द सरकून तेरेखोल नदीवर आली. हरमल नेमकं या दोन नद्यांच्या मध्ये. कुणी पळून येऊन इथे घर थाटलं असेल, तर एका तहाने त्याचा जुना मालकच पुन्हा दाराशी आला.

म्हापशात एका निवृत्त इतिहासाच्या प्राध्यापकांपुढे हे मांडलं, तर ते उसळलेच. “सुटका कसली? मराठी मुलखात बटकी-कुणबिणी विकल्या जात नव्हत्या? पेशवे दप्तर उघडा.”

बरोबर होतं त्यांचं. शनिवारवाड्याच्या आठवणीने हळवे होणाऱ्या आपल्या मंडळींना हे कुणी ऐकवत नाही.

“आणि ब्राउन कुठला आणणार?” सर पुढे म्हणाले. “इथली गुलामी लिस्बनच्या कागदांनी संपली. १८३६ ला व्यापारावर बंदी, १८६९ ला मुक्तीचा हुकूम. तोही असा, की सुटलेल्याने आणखी काही वर्षं मालकाकडेच राबावं.”

“पण सर, कागद यायच्या आधी तीन शतकं जे पळाले, त्यांचं काय? हातात बंदूक असली तरच बंड म्हणायचं?”

“पुरावा?”

मी दक्षिणेकडे बोट दाखवलं. ते हसले, पण मान डोलावली नाही. पळणं हा जीव वाचवायचा उपाय, त्याला बंड म्हणू नये, या मतावर ते ठाम राहिले. मला ते पटलेलं नाही. ब्राउनपाशी निदान पैसा पुरवणारे मित्र होते. ही माणसं समुद्रापलीकडून आणलेली, रस्ता न माहीत असलेली, आणि तरी अख्खी गावं वसवण्याइतकी तगली. उत्तर कन्नडातल्या यल्लापूर-हल्याळच्या जंगलांतले सिद्दी हे बव्हंशी गोव्यातून निसटलेल्या या गुलामांचे वंशज मानले जातात. ते घरात आजही कोकणी बोलतात, आणि २००३ साली त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला.