कानाजवळचा अदृश्य दिवा

एका सकाळी आईचा फोन आला. म्हणाली, “बोलून झालं तरी हा काळाच राहतो रे. कट करायला लाल बटणच दिसत नाही.” ती फोन बिघडला असं समजून बसली होती. मी आधी विचारलं, काच नवी बसवलीस का? आठवड्यापूर्वीच बसवली होती.

फोन कानाला लावला की स्क्रीन विझवायची आणि खाली घेतला की उजळायची, हे काम प्रॉक्सिमिटी सेन्सरचं. बहुतेक फोनांत इयरपीसजवळ काचेखाली एक इवलासा इन्फ्रारेड एलईडी असतो आणि त्याच्या शेजारी फोटोडायोड. एलईडीचा उजेड गालावर आपटून जितका परत येतो, तितका फोटोडायोड मोजतो. म्हणजे अंतर थेट मोजलं जातच नाही, परतलेल्या उजेडावरून ताडलं जातं. आईच्या फोनवर वरून चिकटवलेली काच स्वतःच थोडा उजेड आत परतवत होती. सेन्सरच्या लेखी तिचा गाल सदैव तिथेच होता. काच काढली, फोन बरा झाला.

मोजणं आणि ताडणं यांतला हा फरक मला कामातून कळला. आम्ही व्हॉइस मेसेजचं एक ॲप करत होतो. फोन कानाला लावला की आवाज स्पीकरवरून इयरपीसवर जायला हवा. अँड्रॉइडच्या एमुलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या नकली फोनमध्ये, प्रॉक्सिमिटीसाठी एक स्लायडर असतो. तो सरकवला की आकडा सेंटीमीटरमध्ये, अगदी दशांशासकट, हवा तसा बदलतो. मी नियम लिहिला: 3 सेंटीमीटरच्या आत आलं की कान. दिवसभर स्लायडर मागेपुढे केला, एकदाही चूक नाही.

मग खरा फोन हातात घेतला. त्याला दोनच आकडे माहीत होते, 0 आणि 5. मधलं काही नाही. माझा नियम तरीही चालला, म्हणून मी निश्चिंत झालो. पुढच्या फोनचे आकडे निघाले 0 आणि 1. तिथे 1 म्हणजे “लांब”, पण माझ्या नियमाने तो 3च्या आतच. त्या फोनवर मेसेज कधीच स्पीकरवर वाजला नाही. अँड्रॉइडच्या दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलेलं आहे: काही सेन्सर फक्त जवळ की लांब एवढंच सांगतात, लांब असताना ते आपला कमाल पल्ला कळवतात आणि जवळ असताना त्याहून लहान आकडा. म्हणून तुलना करायची ती त्या फोनच्या कमाल पल्ल्याशी, स्वतः ठरवलेल्या सेंटीमीटरशी नाही. दुरुस्ती एका ओळीची होती.

केसांचं प्रकरण मात्र एका ओळीत मिटलं नाही. बोटाने झाकून पाहिलं की सेन्सर कधी चुकत नाही, कारण त्वचा हा उजेड छान परतवते. कानावर आलेले दाट काळे केस पुष्कळदा तो गिळतात. मग फोन कानालाच असताना जवळ, लांब, जवळ अशी फडफड सुरू होते आणि आवाज इयरपीस-स्पीकर उड्या मारतो. कुणाचा खाजगी निरोप बसमध्ये मोठ्याने वाजणं मला अक्षम्य वाटतं. म्हणून आम्ही “जवळ”वर लगेच विश्वास ठेवायचा आणि “लांब”वर क्षणभर थांबून, असं ठरवलं. स्लायडरला केस नसतात, त्यामुळे तो अशी फडफड आपणहून कधीच दाखवत नाही. भर उन्हाचंही तसंच. सूर्याच्या इन्फ्रारेडपुढे त्या छोट्या दिव्याचा परतावा ओळखणं अवघड होऊन बसतं.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. 2010 साली आयफोन 4 वर बोलता बोलता गालाने कॉल कट होण्याच्या तक्रारी आल्या आणि त्याच सप्टेंबरात आयओएस 4.1 मधून ॲपलला प्रॉक्सिमिटीची दुरुस्ती द्यावी लागली.

एमुलेटर मी आजही वापरतो. कोडची वाट बरोबर आहे का, हे तिथे चटकन कळतं. पण या क्षेत्रात नव्याने आलेल्यांना एक सांगणं आहे. ॲप बाहेर सोडण्याआधी काच बसवलेला, वापरून घासलेला एक तरी स्वस्त फोन मिळवा, लांब केसांच्या मैत्रिणीला तो कानाला लावायला सांगा आणि तिला पाच मिनिटं बोलू द्या.