आवाज आईचा, सहीही आईची

आईच्या गळ्यातली गाठ आधी तिच्या भजनी मंडळातल्या बायकांच्या लक्षात आली. आवंढा गिळला की उजवीकडे काहीतरी वरखाली होतं, असं त्या म्हणाल्या. सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली. रिपोर्ट अधांतरीच निघाला. कर्करोग आहे असं म्हणता येत नव्हतं आणि नाही असंही म्हणता येत नव्हतं. थायरॉईडचा उजवा भाग काढून तपासल्याशिवाय उलगडा होणार नव्हता.

पहिल्यांदा आम्ही एका खासगी रुग्णालयात गेलो. सर्जन अनुभवी होते, बोलायलाही गोड होते. "छोटं ऑपरेशन आहे, तिसऱ्या दिवशी घरी," असं म्हणून त्यांनी फॉर्म दादापुढे सरकवला. आई शेजारच्याच खुर्चीत बसली होती. फॉर्म इंग्रजीत, बारीक टायपातला. सर्व धोक्यांची कल्पना आम्हाला दिली गेली आहे, असं त्यात आधीच छापलेलं होतं. प्रत्यक्षात आवाजाबद्दल चकार शब्द निघाला नव्हता. "त्यांना फार सांगू नका, उगाच घाबरतील," असं दादाला बाजूला घेऊन सांगण्यात आलं. आपल्याकडे घरची माणसंही मायेपोटी हेच सांगतात. पण १९८२च्या गिरणी संपात लालबागच्या एका खोलीत घर चालवलेल्या बाईला स्वतःच्या गळ्याबद्दलचं खरं ऐकणं झेपणार नाही, हे इतरांनी कशावरून ठरवायचं?

आम्ही सही न करता उठलो. चाळीतल्या एका सिस्टरांच्या सल्ल्याने परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात गेलो. केसपेपरची रांग, ओपीडीत पाय ठेवायला जागा नाही, एकेका टेबलाभोवती चार-चार रुग्ण. त्या गर्दीतही तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न आईलाच विचारला, "मावशी, तुम्ही दिवसभर काय करता?"

"घरचं सगळं. आणि गुरुवारी, एकादशीला भजन म्हणते."

हे ऐकल्यावर मॅडमनी केसपेपर उलटा केला आणि मागच्या बाजूला चित्र काढलं. मधोमध श्वासनलिका, तिच्या दोन्ही अंगांना थायरॉईड आणि ग्रंथीच्या पाठीमागून स्वरयंत्राकडे वर जाणारी एक रेघ. "ही नस शिवणाच्या दोऱ्याएवढी असते. तिला कायमची इजा झाली तर आवाज घोगरा होतो. शंभर बायकांचं हे ऑपरेशन केलं तर एखाद-दुसरीला तसं होतं, बाकीच्यांना होत नाही. काही आठवड्यांपुरता आवाज बसणं मात्र त्याहून जास्त जणींच्या वाट्याला येतं." मग वरच्या टोकाला त्यांनी आणखी एक बारीक रेघ ओढली. "ही दुसरी नस चटकन दिसतही नाही. ती दुखावली तर बोलण्यात फारसा फरक जाणवत नाही, पण वरचा सूर लागत नाही. दुसऱ्या कुणाला हे कदाचित ओझरतं सांगितलं असतं. तुम्ही गाता, म्हणून तुम्हाला नीट सांगते."

ऑपरेशननंतर गळ्यात रक्त साचलं तर पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं. ऑपरेशन न करता सोनोग्राफीवर लक्ष ठेवता येईल, पण अशा रिपोर्टच्या शंभर जणींपैकी पंचवीस ते चाळीस जणींत पुढे कर्करोग निघतो, म्हणजे थांबण्यातही जोखीम आहे, हे सांगितलं. आईने विचारलं, "आषाढी होऊ दे का?" मॅडम म्हणाल्या, "काही आठवड्यांनी बिघडत नाही."

धोका कोणत्या बाजूने सांगितला यावर माणसाचा निर्णय फिरतो. १९८२ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगावरील उपचारांबद्दल एक अभ्यास झाला. शंभरातले नव्वद शस्त्रक्रियेतून वाचतात असं सांगितल्यावर जितके लोक शस्त्रक्रियेला तयार झाले, तितके शंभरातले दहा दगावतात असं सांगितल्यावर झाले नाहीत. आकडा तोच होता, आणि डॉक्टर मंडळीही या परिणामातून सुटली नाहीत. म्हणून दोन्ही बाजू सांगायला हव्यात. मॅडमनी तेच केलं.

कायदाही याच बाजूने उभा आहे. १९९५ साली दिल्लीत समीरा कोहली या ४४ वर्षांच्या बाई तपासणीसाठी दाखल झाल्या. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सज्ञान रुग्णाच्या जागी नातेवाइकाची संमती चालत नाही, आणि तपासणीला दिलेली संमती उपचाराची संमती ठरत नाही. जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. उपचाराचं स्वरूप, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे रुग्णाला सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये २०१५च्या मॉण्टगोमेरी निकालाने त्यापुढचं पाऊल टाकलं. कोणता धोका महत्त्वाचा, हे त्या विशिष्ट रुग्णाच्या जागी उभं राहून पाहायचं. भजन म्हणणाऱ्या बाईसाठी तो वरचा सूर होता.

आषाढीनंतर ऑपरेशन झालं. फॉर्म मराठीत होता, सही आईने केली. गाठ साधी निघाली. पण दुसऱ्या नसेचा धोका खरा ठरला. आईचा वरचा सूर गेला, तो परत आला नाही. आता मंडळात पेटी काळी चारवरून काळी एकवर आणतात आणि आई म्हणते. साध्या गाठीपायी सूर गेला याचं दुःख तिला आहे. फसवणूक झाल्याची भावना मात्र नाही, कारण असं होऊ शकतं हे तिला आधी माहीत होतं आणि निर्णय तिचा होता.

ओपीडीत वेळ नसतो हे खरंच आहे. पण हे सगळं सांगायला जेमतेम दहा मिनिटं लागली. डॉक्टरांना माझी विनंती आहे की त्यांनी रुग्णाकडे पाहून बोलावं आणि तो काय करतो हे आधी विचारावं. रुग्णांनीही संकोच सोडून विचारावं: शंभरात किती जणांना त्रास होतो? दुसरा पर्याय कोणता? काहीच केलं नाही तर काय होईल? ऑपरेशन कोण करणार? उत्तरं समजल्याशिवाय सही करू नका, आणि तुमच्या आईच्या वतीने तर मुळीच करू नका.