एका माणसाने हुकलेली संख्या

२०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या भरली १६,४८,२९५. पाचाने भाग जातो हे शेंबडं पोरही सांगेल. पुढे अकराने जातो, तेविसाने जातो, आणि उरतो १३०३. तो मूळ संख्या, कुणालाच दाद देत नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर संख्यांची कुळं लावण्यात रमलेले. त्यांच्या ‘देवळाली संख्यां’ना जनक नसतो. हिला आहे: १६,४८,२६४ मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज, ३१, मिळवली की ही हजर.

चुटपुट लागते ती हर्षद संख्येची. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद; हे नावही कापरेकरांचंच. इथे बेरीज ३५, आणि सातापाशी घोडं अडतं. पण जिल्ह्यात एक माणूस जास्त असता तर? १६,४८,२९६. बेरीज ३६, भागाकार ४५,७८६, बाकी शून्य.

एक माणूस!

तो त्या वेळी होता कुठे? एका जागी न सापडणाऱ्याला मराठीत बारा पिंपळांवरचा मुंजा म्हणतात. आता या मुंजाची शिरगणती कोणत्या पिंपळावर करायची? नियमात उत्तर आहे. ९ ते २८ फेब्रुवारी मोजणी. हा सगळा काळ जो घराबाहेर, त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचं. बेघरांसाठी २८ची रात्र. म्हणजे मुंजा त्या रात्री ज्या पिंपळावर, त्या जिल्ह्याचा. उरलेल्या अकरा पिंपळांनी ब्र काढायचा नाही.

जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावकडची माणसं मात्र हौसेने भटकत नाहीत. पावसाळा सरला की मुकादमाकडून उचल घ्यायची आणि बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीला जायचं. फेब्रुवारीत कारखाने जोरात असतात. तिथे हिशेब कोयत्याचा: नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत एक, प्रगणकाच्या तक्त्यात दोन. बीडकडे एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. त्या मापाने नंदुरबार अर्ध्या कोयत्याने हुकलं. पण फडातून अख्खं जोडपं परतलं असतं तर बेरीज ३७, आणि भाग पुन्हा जात नाही. कडेवरचं पोर धरलं तरी नाही.

की तो एक माणूस मजूर नव्हताच? २८ फेब्रुवारीच्या रात्रीचे बारा, म्हणजे मोजणीचा ठरलेला क्षण, उलटल्यावर जन्मलेलं बाळही असेल. किंवा गावातच होता आणि राहून गेला. जनगणनेनंतरच्या पडताळणीत देशभरात हजारी सुमारे २३ माणसं सुटल्याचं निघालं. (पुन्हा तेवीसच!) तोच दर इथे लावला तर अडतीसेक हजार माणसं सुटलेली निघतात. मग अवयव पाडले ते नेमके कशाचे, आणि हर्षद हुकली म्हणून हळहळायचं तरी कशाला?

तरी शेवटच्या पाचावरून नजर हटत नाही. पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. तेव्हाही तोडणी चालूच असेल.