पहिला वार

विद्यार्थी मित्रांनो, "सर, कराटेची कोणती शैली सर्वांत चांगली?" असे तुम्ही मला नेहमी विचारता. आज त्याचे उत्तर देतो.

कराटे ही मूळची ओकिनावा बेटावरची कला. आज हे बेट जपानमध्ये आहे. या कलेच्या अनेक शैली आहेत. शोतोकान शैलीत पाय लांब टाकून, घट्ट रोवून उभे राहतात. त्यामुळे पायांत बळ येते. गोजू-ऱ्यू म्हणजे कठोर आणि मृदू शैली. तिच्यात श्वासावर ताबा मिळवायला शिकवतात. वादो-ऱ्यू शैलीत अंग बाजूला घेऊन वार चुकवण्यावर भर असतो. शितो-ऱ्यू शैलीत 'काता' पुष्कळ असतात. काता म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका. ती करताना मन एकाग्र होते.

मी शोतोकान शिकलो. तिचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी शाळेत शिक्षक होते. १९२२ साली त्यांनी टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले. पहिला वार आपण करायचा नाही, ही त्यांची शिकवण.

मी मात्र शिकायला गेलो होतो सूड घेण्यासाठी! वर्गातला एक मुलगा मला रोज चिडवीत असे. वर्षभराने त्याने मला पुन्हा चिडवले. माझी मूठ वळली. मग ती शिकवण आठवली. मी मूठ उघडली आणि घरी आलो. त्या रात्री मला हरल्यासारखे वाटले. आज तसे वाटत नाही.

मित्रांनो, शैली कोणतीही निवडा. पण आधी आपला हात आवरायला शिका.