अल्पशक्ति यंत्र आणि एकत्र कुटुंब

घरांत नवी वस्तु घ्यावयाची म्हटली कीं आपण प्रथम किंमत विचारतों, मग टिकाऊपणा. ती कोणासाठीं घ्यावयाची, हा प्रश्न मात्र बहुधा राहूनच जातो. आमच्या भोरच्या घरीं गेल्या आषाढांत एक जोडयंत्र आलें. पडदा वेगळा काढला कीं टॅब्लेट, कळफलकावर बसविला कीं लॅपटॉप. किंमत २५,००० रुपयांच्या आंत. घरांत माणसें नऊ, आणि त्यांत आमची पुतणी बारावीच्या विज्ञानशाखेंत. चातुर्मासभर आम्हीं त्या यंत्राची जी परीक्षा केली, ती इतर कुटुंबांसही उपयोगी पडावी.

प्रथम त्याची कुवत. आंतील प्रोसेसर सेलेरॉन एन ४०२०. त्याचे गाभे दोन, मूळ वेग १.१ गीगाहर्ट्झ, निकडीच्या वेळीं क्षणभर २.८ पर्यंत. त्याची योजना अवघ्या ६ वॅटच्या मर्यादेंत केलेली आहे. नेहमींच्या पातळ लॅपटॉपांत ही मर्यादा बहुधा १५ वॅट असते. उष्णता थोडी, म्हणून यांत पंखा नाहीं व आवाजही नाहीं. स्मृति ४ गीगाबाइट, सांठा ६४ गीगाबाइट. विंडोज ११ ची किमान अट नेमकी एवढीच आहे! बारा पानें मांडावीं आणि बाराच पाहुणे यावे, तेराव्यास ओसरीवर थांबणें प्राप्त, असा हा हिशेब. शिवाय दोन्ही पक्कीं जडविलेलीं. मागाहून वाढवूं म्हटलें तर सोय नाहीं.

आतां प्रचीति. मराठी टंकलेखन, बालभारतीचीं पुस्तकें वाचणें, एखादा पाठ ऐकत टिपणें काढणें, हीं कामें तें निमूटपणें करतें. पण पाठ चालू असतां पांच-सहा पानें उघडीं ठेविलीं, कीं अक्षरें बोटांच्या मागून येऊं लागतात. प्रणालीचें नवें संस्करण उतरूं लागलें, तर ती सकाळ गेलीच म्हणावी.

त्याचा खरा गुण दिसला तो वेल्ह्यास, तोरण्याच्या पायथ्याशीं असलेल्या आमच्या आत्याबाईंच्या घरीं. श्रावणांत तेथें वीज गेली ती दुसऱ्या दिवशीं परतली. भाटघरला १६ मेगावॅटचें जलविद्युत्-केंद्र जवळ असून आमच्या खोऱ्यांत पावसाळ्यांत कंदील हाताशीं ठेवावाच लागतो. पाहुण्यांचा मोठा लॅपटॉप संध्याकाळींच मिटला. हें यंत्र मात्र लहानशा इन्व्हर्टरवर भरून घेऊन मुलीनें रसायनशास्त्राचें प्रकरण पुरें केलें.

तथापि भोरला परतल्यावर निराळीच अडचण दिसूं लागली. दादांना इंद्रायणी तांदळाचा हिशेब मांडावयाचा, काकूंना कीर्तन ऐकावयाचें, धाकट्यांना चित्रपट, आणि राजगडच्या सहलीचीं छायाचित्रें सगळ्यांचींच. प्रत्येकाची मागणी ‘पांच मिनिटें’ एवढीच. महिनाभरांत सांठा भरत आला, यंत्र रेंगाळूं लागलें, आणि मुलीच्या वांट्यास रात्रीं दहानंतरचा वेळ उरला. तिनें तक्रार केली नाहीं. घरांतील मुलींनीं तक्रार करूं नये, असें आपण त्यांना न सांगतां शिकवीत असतों. शेवटीं वहिनींनीं निकाल दिला: परीक्षा होईपर्यंत यंत्र तिचें, इतरांनीं आपापले फोन वापरावे. छायाचित्रें दुसरीकडे हलविलीं, तेव्हां यंत्रही पुन्हां चालतें झालें.

आमचें मत असें. एका विद्यार्थ्यासाठीं, एका वेळीं एकच काम करावयाचें असल्यास, आणि विशेषतः वीज बेभरंवशाची असेल तेथें, असें यंत्र घेण्यास हरकत नाहीं. चलच्चित्रांचें संपादन किंवा अभियांत्रिकीचीं रेखाटनें यांसाठीं घेऊं नये. स्वस्तांत मिळतें म्हणून २ गीगाबाइट स्मृतीचें जुनें यंत्र तर मुळींच नको. विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. आणि घेण्यापूर्वीं, तें कोणाचें, हें घरांत सर्वांसमक्ष ठरवून घ्यावें. ६ वॅटचें यंत्र एका मुलीचें वर्ष सांभाळूं शकतें. नऊ माणसांच्या हौशी त्यास सांभाळवत नाहींत.