मालकी कशाची ठेवावी?

कंपन्यांची धोरणं शिकवताना पहिल्याच तासाला मी एक प्रश्न फळ्यावर लिहिते : कोणतं काम कंपनीनं स्वतः करावं आणि कोणतं बाहेरून करून घ्यावं? विद्यार्थी चटकन खर्चाचा तक्ता मांडतात. बाहेर स्वस्त पडतं, तर बाहेरून घ्या! हे उत्तर अपुरं का आहे, हे मला उसाच्या शेतीइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसलेलं नाही.

रोनाल्ड कोस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं विद्यार्थी असताना, १९३१-३२ मध्ये, अमेरिकेत जाऊन कारखाने पाहिले. बाजार एवढी चोख कामगिरी करत असेल, तर मुळात कंपन्या असतातच कशाला, हा त्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर १९३७ मध्ये छापून आलं. बाजारातून घेण्यालाही खर्च येतो : विक्रेता शोधायचा, घासाघीस करायची, करार करायचा, तो पाळला जातोय की नाही हे पाहायचं. हा खर्च आतल्या कारभाराच्या खर्चाहून वाढला, की ते काम कंपनीच्या आत येतं. ऑलिव्हर विल्यमसननं पुढे दाखवलं, की एकाच गिऱ्हाइकापुरती उपयोगी पडणारी गुंतवणूक केली, की माणूस अडकतो. पैसा गुंतल्यावर समोरचा भाव पाडून मागू शकतो, आणि प्रत्येक शक्यता काही करारात लिहिता येत नाही.

आता ऊस पाहा. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. तोडला, की त्यातली साखर घटू लागते. म्हणून शक्यतो चोवीस तासांत गाळप व्हावं लागतं आणि तो फार लांबही नेता येत नाही. तोडणी लांबली, तर तुरा येतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. जवळ एकच कारखाना असेल, तर शेतकरी कुणाशी घासाघीस करणार? कारखान्याचीही तीच गत. कोट्यवधींची यंत्रं ऊस आला नाही, तर हंगामभर बसून राहतात.

महाराष्ट्रात या पेचाची दोन उत्तरं निघाली. कालव्यांच्या पट्ट्यातल्या खासगी कारखान्यांनी हजारो एकर जमिनी खंडानं घेऊन स्वतःच ऊस पिकवला. प्रवरेकाठी लोणीला शेतकऱ्यांनी उलट वाट धरली. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं त्यांनी भागभांडवल गोळा करून कारखानाच आपला केला. १९५० च्या सुमारास तो उभा राहिला. पहिले अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. सहकाराचं श्रेय आपण त्यागाला आणि नेतृत्वाला देतो. ते रास्तच आहे, पण त्यामागचं अर्थशास्त्रही तितकंच भक्कम होतं : दोन अडकलेल्या पक्षांची मालकी एक झाली, की अडवणुकीतला फायदाच संपतो.

पुस्तकांत या तत्त्वाचं गाजलेलं उदाहरण जनरल मोटर्सचं आहे. मोटारींच्या बॉड्या बनवणारी फिशर बॉडी ही कंपनी तिनं १९२६ मध्ये पूर्णपणे आपल्यात घेतली. ती अडवणुकीमुळेच घेतली का, यावर वाद आहे. खुद्द कोसनं ते कारण नाकारलं. उसाच्या बाबतीत मात्र अडवणूक कुठून येते, हे शेताच्या बांधावरूनही दिसतं.

मालकीही फुकट मिळत नाही. बाहेरचा पुरवठादार ढिला पडला, तर बदलता येतो. आपलाच विभाग ढिला पडला, तर त्याला सांभाळून घेतलं जातं. आपल्या अनेक सहकारी कारखान्यांत नेमकं हेच झालं. ऊस अडकण्याचा प्रश्न सुटला, पण संचालक मंडळाला जाब विचारण्याची सवय सुटत गेली. कर्जं चढली, काही कारखाने विकले गेले.

म्हणून कुठलाही उद्योग ताब्यात घेण्याआधी किंवा काम बाहेर देण्याआधी, दराच्या आधी दोन गोष्टी तपासाव्यात, असं मी आग्रहानं सांगते. व्यवहार मोडला, तर कोण किती अडकेल? आणि मालकी आल्यावर जाब कोण विचारेल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मालकी घ्यायला लावतं, दुसऱ्याचं ती टिकवायला शिकवतं. लोणीच्या शेतकऱ्यांनी पहिला प्रश्न सोडवून दाखवला. दुसरा दर हंगामात नव्यानं सोडवावा लागतो, आणि ते काम सभासदांचं आहे.