बाकावर बसायचं कसं

मालवण,
मिरगाचा पहिला आठवडा

चि. छकुलीस,


परवा तुझ्या बेसबॉलच्या सामन्यानंतर व्हिडिओ कॉलवर तू तोंड फुगवून बसली होतीस. टोपी डोळ्यांवर ओढलेली, गुडघ्याला लाल माती. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणालीस, "आजी, मला नुसतं बाकावर बसवून ठेवलं." मागून तुझ्या आईचा आवाज आला, "अगं, सगळ्यांनाच आळीपाळीने बसावं लागतं एकेक इनिंग. त्यात रडायचं काय?" मी तेव्हा गप्प राहिले. पण या विषयावर मला बोलायचं आहे, आणि ते फोनवर बोलण्यासारखं नाही. म्हणून पत्र. तुझी आई वाचून दाखवील. तिने मधलं काही गाळू नये.

तुझा जन्म २०१९ च्या मे महिन्यातला. तुझ्या आईच्या बाळंतपणासाठी मी डिंक, अळीव, खारीक आणि तांदळाच्या पिठाने अर्धी बॅग भरून व्हर्जिनियाला आले. विमानतळावरच्या माणसाने पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का मारला. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की बेसबॉलचा हंगामही साधारण तेवढाच असतो आणि माझे सहा महिने त्याच्याच हिशेबाने जाणार आहेत.

तू आठ दिवसांची होतीस तेव्हाची गोष्ट. तुझा बाबा सोफ्यावर डोकं धरून बसलेला. मला वाटलं नोकरीचं काही झालं की काय. नोकरीचं नव्हतं. वॉशिंग्टन नॅशनल्स नावाचा त्याचा संघ ५० पैकी ३१ सामने हरला होता. त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू, ब्राइस हार्पर, त्याच वर्षी १३ वर्षांच्या आणि ३३ कोटी डॉलरच्या करारावर शेजारच्या फिलाडेल्फियाला निघून गेलेला. उरलेला संघ सगळ्या लीगमधला वयाने सर्वांत मोठा. बाबा म्हणाला, "आई, हे वर्ष गेलं." मी तुला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होते. म्हटलं, "जाईना का, पण टीव्ही बंद करू नकोस. ही आवाजाने झोपते."

अशी मी बघायला लागले. हंगामात १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोज. तेव्हा घरचा सामना असला की बहुतेकदा संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी. अगं, ही तर माझ्या मालिकांचीच वेळ! आणि मालिकेसारखंच झालं. आठवडाभरात मला बेसबॉलचा एक नियम कळला नव्हता, पण घरातली माणसं ओळखू यायला लागली. कोण रागीट, कोण लाजाळू, कोण उगाच सगळ्यांच्या खोड्या काढतो.

याचं कारण ती पडवी. तुम्ही तिला डगआऊट म्हणता. मैदानापेक्षा जरा खाली, वर छप्पर, एक बाजू उघडी, आत लांबलचक बाक. आपल्या जुन्या घराची पडवी आणि समोर खळं, तसंच सगळं. क्रिकेटमध्ये बाद झालेला माणूस जिना चढून आत जातो आणि दिसेनासा होतो. बेसबॉलमध्ये तो चार पावलं चालून पडवीत येतो, सगळ्यांच्या देखत बसतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा मैदानात उतरतो. तुझ्या बाबाने सांगितलं, दहापैकी तीन वेळा यशस्वी झालेला फलंदाजही या खेळात उत्तम समजतात. म्हणजे सात वेळा तोंड पाडून पडवीत परत यायचं. शिवाय तेव्हा संघात पंचवीस माणसं असत. खेळायचे नऊ, बसायचे सोळा. आता तूच सांग, हा खेळ मारण्याचा जास्त की बसण्याचा?

पहिल्यांदा मला त्या पडवीची किळसच आली होती. सगळे सूर्यफुलाच्या बिया चघळत आणि साली तिथेच थुंकत. एवढे डॉलर मिळतात, एक पिकदाणी नाही ठेवता येत? पण हळूहळू साली दिसेनाशा झाल्या आणि माणसं दिसायला लागली.

मॅक्स शर्झर हा पिचर. एक डोळा निळा, एक तपकिरी. खेळायच्या दिवशी वाघासारखा येरझाऱ्या घालायचा. जूनमध्ये सरावात चेंडू लागून त्याचं नाक मोडलं, डोळा काळानिळा झाला, आणि पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी खेळायला हजर. सात इनिंग टाकल्या, एकही धाव दिली नाही. हुआन सोटो वीस वर्षांचा पोरगा, समोरच्या पिचरकडे रोखून बघत मातीत पाय घासत नाचायचा. फर्नांडो रॉडनी ४२ वर्षांचा, टोपी तिरकी, सामना संपवला की आकाशात नसलेला बाण सोडणारा. हावी केंड्रिक आणि ॲडम ईटन यांचं तर बालपण संपलेलंच नव्हतं. यांच्यापैकी कुणी होमरन मारून आला की हे दोघे बाकावर शेजारी बसून गाडी चालवल्याचं नाटक करायचे, गिअर टाकायचे, वळण घ्यायचे. आणि कुणीही होमरन मारला की बाकीचे दोन ओळी करून टाळ्या वाजवायचे आणि होमरनवाल्याला मधून नाचत जावं लागायचं. नाच येत नसेल तरी सुटका नाही.

आणि स्टीव्हन स्ट्रासबर्ग. हा हसूसुद्धा जपून खर्च करायचा. आपल्याकडे लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून उभे असतात ना एक काका, कुणी जवळ आलं की अंग चोरतात, तसा. त्याला मिठी मारलेली आवडत नाही हे सगळ्यांना माहीत. म्हणूनच हेरार्डो पारा आणि अनिबाल सांचेझ हे दोघे व्हेनेझुएलाचे गडी त्याला बाकावर दोन्हीकडून गाठून घट्ट मिठी मारायचे. तो दगडासारखा बसून राहायचा. पण काही महिन्यांनी मी तुझ्या आईला म्हटलं, "बघ, दगड हसला."

आता या पाराचं ऐक. आडनाव पारा, पण त्याचा पारा कधी चढलेला मी पाहिला नाही. दुसऱ्या संघाने सोडून दिलेला, मे महिन्यात इथे आलेला, बत्तीस वर्षांचा राखीव खेळाडू. आल्या आल्या त्याने एक मोठा फटका मारला, मग पुढे त्याची बॅट रुसली. २२ वेळा गेला आणि २२ वेळा रिकाम्या हाताने परत आला. प्रत्येक खेळाडू बॅट घेऊन येताना स्टेडियममध्ये त्याच्या आवडीचं गाणं लावतात. १९ जूनला पाराने स्वतःचं गाणं बदलून 'बेबी शार्क' लावलं, कारण त्याच्या दोन वर्षांच्या लेकीला ते आवडायचं. त्या दिवशी त्याने होमरन मारला. मग ते गाणं राहिलंच. चाळीस हजार माणसं, सूटबूटवाले वकील, पेन्शनर, पोरंटोरं, सगळी दोन्ही हात आडवे धरून माशाच्या जबड्यासारखे उघडमीट करायला लागली. खेळाडूही बेसवर पोचले की पडवीकडे बघून तसंच करायचे, आणि पडवी उलट उत्तर द्यायची. छोट्या फटक्याला चिमटीएवढा मासा, मोठ्याला मोठा.

तुझी आई गाणं ऐकून वैतागायची, कारण घरातही तेच चालू. मला मात्र हसू यायचं. अगं, आमच्या मालवणात लहान शार्कला मोरी म्हणतात, आणि तुझी आई झाली तेव्हा माझ्या आईने मला मोरीचं कालवण घातलं होतं, बाळंतिणीला चांगलं म्हणून. वॉशिंग्टनवाले त्याच माशाची आरती करत होते.

ऑगस्टमध्ये आपण सगळे स्टेडियमला गेलो. मेट्रोने नेव्ही यार्डला उतरलो, तू बाबागाडीत. बाबाने तिकिटं समोरच्या बाजूची काढली होती. मी म्हटलं, आपल्या संघाच्या जवळ का नाही बसायचं? तो म्हणाला, "त्यांच्या डोक्यावर बसलो तर ते दिसणार कसे? समोर बसलं की पडवी दिसते." मला जावई बरा मिळाला आहे हे मला त्या दिवशी नीट कळलं.

तिथे मी एक गोष्ट पाहिली, जी टीव्हीवर दाखवत नाहीत. एक पोरगा बाद होऊन आला, हेल्मेट आपटलं आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. मला राग आला. पण मग शेजारचा एकजण, दुसरीकडेच बघत, पायाने ते हेल्मेट जागच्या जागी सरकवून ठेवता झाला. जरा वेळाने तोच त्याच्या बाजूला सरकला आणि बियांची पिशवी पुढे केली. पोराने मूठभर घेतल्या. पुढच्या इनिंगला दोघे बोलत बोलत मैदानात गेले. समजूत घालायची म्हणजे किती कमी बोलायचं, हे मला साठी उलटल्यावर त्या पडवीने शिकवलं.

तेव्हा मला तुझ्या आजोबांची आठवण झाली. तू त्यांना फोटोतच पाहिलं आहेस. ते तीस वर्षं भजनी मंडळात होते, पण बुवा म्हणून नव्हे. बुवांच्या मागे कोरसमध्ये, झांजेवर. आपल्याकडे डबलबारी होते. दोन बुवा समोरासमोर बसतात, रात्रभर एकमेकांना सवाल-जबाब करतात, पहाटेपर्यंत गजर चालतो. लोक बुवांचं नाव घेतात. कोरस कोण होता ते कुणी विचारत नाही. एका जत्रेत मध्यरात्रीनंतर बुवांचा आवाज बसला. ओळ अर्धवट राहिली. पण मागून कोरसने ती अशी उचलली की मांडवात कुणाला पत्ताही लागला नाही. बुवांनी तेवढ्यात घोटभर पाणी पिऊन घेतलं. घरी येताना मी विचारलं, "तुमका वाईट नाय वाटत? सगळे बुवांचाच नाव घेतत." ते म्हणाले, "बुवाक मागचा दिसणा नाय, पण आमी मागे आसंव ह्या तेका कळता."

बाकावर बसायचं ते यासाठी, छकुली.

आता तुझ्या बाबाची बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील आजी एकतर्फी बोलते. तो म्हणायचा, "आई, जिंकणारे संघ हसतातच. हसल्यामुळे जिंकतात असं नाही." त्याचं खरं आहे. पारा आल्यानंतरही संघ पंधरवडाभर हरतच होता. शर्झरचा हात आणि सोटोची नजर नसती तर नुसत्या मिठ्यांनी काही झालं नसतं. मी त्याला एवढंच म्हटलं, "अरे, ते जिंकतात का हे तू बघ. ते हरल्यावर एकमेकांशी कसे वागतात ते मी बघते." आणि चाहत्यांचं निम्मं सुख त्यातच असतं. धावा तर पेपरातही छापून येतात. पण कोण कोणाच्या शेजारी बसला, कोणी कोणाला हसवलं, हे रोज बघितल्याशिवाय कळत नाही.

शेवटी ते ९३ सामने जिंकून बाद फेरीत गेले आणि तिथे एकामागून एक मोठ्यांना लोळवत अंतिम मालिकेला पोचले. समोर ह्यूस्टन. आणि त्याच आठवड्यात दिवाळी. ह्यूस्टनला पहिले दोन जिंकून आले आणि घरी सलग तीन हरले. तिसरा पराभव नेमका लक्ष्मीपूजनाला. त्या दिवशी शर्झरची मान अशी धरली की त्याला हात वर करता येईना, कपडे घालायला बायकोची मदत लागली. मी लक्ष्मीपुढे दिवा लावला आणि शेजारी टीव्हीवर सात विरुद्ध एक. बत्तासाही गोड लागला नाही.

भाऊबीजेला दगड धावून आला. स्ट्रासबर्गने जवळजवळ सगळा सामना एकट्याने टाकला. पुढच्या रात्री, ३० ऑक्टोबरला, मानेत इंजेक्शन घेऊन शर्झर उतरला. सातव्या इनिंगपर्यंत संघ मागे होता. मग आपल्या संघातल्या रेंडॉनचा होमरन, आणि लगेच गाडीवाल्या केंड्रिकचा फटका उजवीकडच्या खांबाला जाऊन टणकन लागला. केंड्रिक ३६ वर्षांचा, आदल्याच वर्षी टाचेची शीर तुटून घरी बसलेला. वॉशिंग्टनने १९२४ नंतर पहिल्यांदा ही मालिका जिंकली. तुझा बाबा रडला. तू झोपेत होतीस. २ नोव्हेंबरला शहरात मिरवणूक निघाली आणि त्याच दिवशी माझं परतीचं विमान होतं.

पुढे तो संघ विस्कटला. रेंडॉन गेला, शर्झर गेला, सोटोही गेला. पारा जपानला गेला आणि तिथेही तेच गाणं लावून खेळला म्हणे. मला वाईट वाटलं नाही. भजनी मंडळंही मोडतात, पण कोरसला बसलेल्या माणसाला दुसऱ्या मांडवातही ओळ उचलता येते.

तर येत्या शनिवारी तुला बाकावर बसवलं की रुसायचं नाही. मैदानावरच्या मुलीचं नाव घेऊन ओरडायचं. बाद होऊन कुणी आली तर तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही, नुसतं सरकून जागा करायची. मग मला फोन कर. किती धावा झाल्या ते तुझा बाबा सांगेलच. तू मला बाकावर काय काय झालं ते सांग.

तुझी,
आजी

ता. क. बिया खाल्ल्यास तर साली कागदात घ्यायच्या. पडवी दुसऱ्याची असली तरी वळण घरचं दिसतं.